खिडकीजवळची जागा : ‘रघुवंशा’च्या तेराव्या सर्गाच्या निमित्ताने

विमानात कोणत्या बाजूची खिडकी घ्यावी, हा प्रश्न वाङ्मयचर्चेच्या पानांत शोभणारा नाही, असे वाचकांपैकी काहींस वाटल्यास त्यांना दोष देता येणार नाही. हा प्रश्न तिकीट काढणाऱ्याने विचारावा आणि ज्याने तो प्रवास चार वेळा केला आहे त्याने ‘डावी’ किंवा ‘उजवी’ असे एका शब्दात उत्तर देऊन मोकळे व्हावे, अशी आपली रीत आहे. परंतु संस्कृत काव्यातील एका थोर सर्गाचा बहुतेक भाग विमानातून खाली पाहण्यातच खर्ची पडला आहे, त्या विमानाला खिडकी आहे, आणि त्या खिडकीशी कोण बसले आहे हेही कवीने सांगून ठेवले आहे. तेव्हा खिडकीच्या निवडीचा विचार रसिकाने करू नये, असे म्हणण्याचे कारण दिसत नाही. किंबहुना तो विचार आपल्याहून अधिक बारकाईने कालिदासाने केला होता, असे माझे मत आहे. आणि ते मत पडताळून पाहणे हाच या लेखाचा हेतू.

‘रघुवंशा’च्या तेराव्या सर्गाचे कथानक दोन वाक्यांत सांगता येईल. रावणवधानंतर राम, सीता, लक्ष्मण आणि त्यांचे सहकारी पुष्पक विमानातून अयोध्येकडे निघतात. वाटेत राम सीतेला खालचा प्रदेश दाखवीत जातो. आणि अयोध्येच्या जवळ भरताची भेट होते. या सर्गावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. येथे काही घडत नाही, कथा अडून राहते, कवीने उपमांची माळ गुंफून ती भूगोलाच्या गळ्यात घातली आहे, असा तो आक्षेप. वर्गात हा सर्ग शिकताना मलाही तसेच वाटले होते. पुढे विमानप्रवास वाट्याला आला, खिडकीशी बसून खाली पाहण्याची सवय जडली, आणि मग ध्यानात आले की कालिदासाची ही माळ वाटेल तशी ओवलेली नाही. काय पाहावे, किती उंचीवरून पाहावे, पुढे पाहावे की मागे, आणि हे सर्व कोणाला दाखवावे, या चार प्रश्नांची उत्तरे त्या सर्गात क्रमाने आली आहेत.

पहिला प्रश्न बाजूचा. वाल्मीकींच्या युद्धकांडातही राम सीतेला विमानातून प्रदेश दाखवितो. कालिदासाने कल्पना तेथूनच उचलली यात शंका नाही. परंतु वाल्मीकींचा राम सुरुवातीस लंकाच दाखवितो. त्रिकूटाच्या शिखरावरची नगरी, मग रक्तमांसाचा चिखल झालेली रणभूमी, मग कोणता राक्षस कोठे पडला त्या जागा. कालिदासाचा राम लंकेकडे मान वळवीत नाही. त्याचे पहिले वाक्यच समुद्राविषयी आहे : मलयपर्वतापर्यंत सेतूने दुभंगलेला फेसाळ समुद्र, जणू आकाशगंगेने विभागलेले शरदाचे निरभ्र आकाश. रणभूमी त्याच विमानाखाली होती, त्याच क्षणी दिसत होती. पण कवीने दुसरी खिडकी घेतली. यास मी निवड म्हणतो. वाल्मीकींची दृष्टी इतिहासकाराची आहे. जे घडले ते दाखविणे तिला प्राप्त आहे. कालिदासाला घरी परतणाऱ्या दोघांची दृष्टी हवी होती, आणि अशा दृष्टीला पाठीमागच्या प्रेतांपेक्षा पुढचे पाणी आधी दिसते. विमानात बसणारा प्रत्येक मनुष्य एका बाजूची खिडकी घेतो तेव्हा दुसऱ्या बाजूचे अर्धे जग सोडून देत असतो. काय सोडावे हे ज्याला कळत नाही, त्याला काय पाहावे हेही कळत नाही. हे काव्याला जितके लागू आहे तितकेच प्रवासाला.

आपल्या नेहमीच्या मार्गाचे उदाहरण घेऊ. मुंबई ते दाभोळी हे हवेतील सरळ अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. नकाशावर दोहोंच्या मध्ये पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती कोकणच्या किनाऱ्याच्या किंचित आत, त्याला धरूनच खाली येते. म्हणजे गोव्याकडे येणाऱ्याच्या उजव्या हातास किनारा, खाड्या आणि अरबी समुद्र. डाव्या हातास सह्याद्री. परत जाताना हेच उलट. प्रत्यक्ष मार्ग हवामानाप्रमाणे आणि नियंत्रकाच्या आज्ञेप्रमाणे थोडा इकडेतिकडे सरकतो, परंतु ही विभागणी सहसा बदलत नाही. २०२३च्या जानेवारीपासून पेडण्याच्या पठारावरचा मोपा विमानतळही वाहता झाला आहे. तेथे उतरणाऱ्याचा प्रवास पस्तीस-चाळीस किलोमीटरनी कमी होतो, पण डाव्याउजव्याचा हिशेब तोच राहतो. दिल्लीहून बागडोगऱ्याकडे जाणाऱ्याने डावी खिडकी घ्यावी आणि येताना उजवी, कारण हिमालय उत्तरेस आहे. इतपत माहिती कोणत्याही नकाशावरून मिळते. परंतु समुद्र घ्यावा की सह्याद्री, याचे उत्तर नकाशा देत नाही.

दुसरा प्रश्न उंचीचा. पुष्पकाच्या गतीविषयी रामाच्या तोंडी एक श्लोक आहे, आणि विमानविद्येच्या दृष्टीने तो मला सर्वांत मार्मिक वाटतो. हे विमान कधी देवांच्या मार्गाने जाते, कधी मेघांच्या, कधी पक्ष्यांच्या, असा त्याचा आशय. तीन उंचींची ही वाटणी अलंकारापुरती नाही. सर्गातील वर्णने तिच्याशी प्रामाणिक राहिली आहेत. देवमार्गावरून जे दिसते ते सर्व मोठ्या रेषांचे आहे. सेतू हा आकाशगंगेसारखा पट्टा आहे. खारा समुद्र लोखंडी चाकासारखा आहे, आणि दूरचा किनारा, तमाल आणि ताड यांच्या राईंनी काळसर झालेला, त्या चाकाच्या धारेवर चढलेल्या गंजाच्या बारीक रेघेसारखा. ज्याने दहा किलोमीटर उंचीवरून किनारा पाहिला आहे त्याला ही उपमा पटवून द्यावी लागत नाही. या उंचीवर क्षितिज सुमारे तीनशे सत्तर किलोमीटर दूर असते. झाड दिसत नाही, झाडीची रेघ दिसते, आणि समुद्राची कड खरोखरच वाकल्याचा भास होतो.

मग विमान खाली येते. क्षणात तीर गाठले, असे राम म्हणतो. आणि आता त्या काळ्या रेघेचे तपशील होतात. वाळूवर फुटक्या शिंपल्यांतून विखुरलेले मोती आहेत, फळांच्या भाराने वाकलेल्या पोफळींच्या रांगा आहेत, आणि किनाऱ्यावरचा वारा केतकीचा पराग घेऊन सीतेच्या मुखाशी आला आहे. गंजाची रेघ पोफळीची बाग झाली. आमच्या मुलखात राहणाऱ्या वाचकाला हा श्लोक वाचताना घराच्या मागच्या कुळागराची आठवण व्हावी, इतका तो ओळखीचा आहे. पुढे पंपासरोवरावर तर कवी उंचीचा अनुभव उघडपणे बोलून दाखवितो : फार दुरून खाली उतरलेली दृष्टी थकून जणू ते पाणी पिते आहे, आणि वेतांच्या दाटीतून चंचल सारस कुठेकुठे जेमतेम दिसत आहेत. ‘जेमतेम दिसतात’ हे शब्द महत्त्वाचे. त्या उंचीवरून सारस स्पष्ट दिसले असते तर मी या कवीवर विश्वास ठेवला नसता.

आजच्या प्रवाशाला या तिन्ही मार्गांची निवड करता येत नाही हे खरे, परंतु अगदीच येत नाही असेही नाही. मोठी जेट विमाने बहुतेक वेळ देवमार्गावर असतात. मेघ आणि पक्षी यांचे मार्ग त्यांच्या वाट्यास चढण्याच्या आणि उतरण्याच्या वेळी काही मिनिटे येतात. लहान अंतरांवर चालणारी पंखांच्या पात्यांची विमाने याहून बरीच खालून, सतरा ते वीस हजार फुटांच्या आसपास जातात. त्यांचे पंख छताच्या वर बसविलेले असल्याने खालची जमीन पंखाने झाकली जात नाही. ज्याला प्रदेश पाहावयाचा आहे त्याने घाई नसल्यास असे विमान पत्करावे. आणि जेट विमानातही पहिली पंधरा व शेवटची वीस मिनिटे वर्तमानपत्रात घालवू नयेत. कारण पोफळी दिसण्याची वेळ तीच.

तिसरा प्रश्न पुढे पाहावे की मागे हा. किनारा ओलांडल्यावर राम सीतेला म्हणतो की जरा मागे वळून पाहा. समुद्र दूर जातो आहे आणि त्याच्यातून वनांसह जमीन बाहेर निघत असल्यासारखी दिसते आहे. वेगाने जाणाऱ्याला स्वतःचा वेग पुढे पाहून कळत नाही, मागे पाहून कळतो. आणि आपण हलत नसून जग हलते आहे हा भ्रम तेथेच सर्वांत सुंदर होतो. खिडकीच्या निवडीत याचा अर्थ असा की पंखाच्या पुढची जागा आणि पंखाच्या बरीच मागची जागा या दोन वेगवेगळ्या दृष्टी आहेत. पुढे बसणाऱ्यास येणारा प्रदेश मोकळा दिसतो. मागे, शेपटीकडे बसणाऱ्यास सरून गेलेला प्रदेश दूरवर दिसत राहतो. मात्र इंजिनाच्या अगदी मागे बसल्यास तप्त वायूच्या झोताने दृश्य थरथरते. पंखावरची जागा घेणाऱ्यास पंख दिसतो. अनुभवावाचून हे कळत नाही. एका प्रवासात मी नकाशा पाहून, बाजू निश्चित करून, मोठ्या अभिमानाने बसलो आणि मुंबई येईपर्यंत करड्या पत्र्यावरच्या खिळ्यांची रांग मोजली. काही विमानांत तर एखाद्या रांगेत खिडकीच्या ठिकाणी कोरी भिंत असते. ‘खिडकीची जागा’ या शब्दांवर विसंबणारा प्रवासी आणि शीर्षकावर विसंबणारा वाचक यांची फसवणूक सारखीच होते.

याच्याशीच प्रकाशाचा विचार जोडलेला आहे. गंगायमुनांच्या संगमावर कालिदासाने उपमांचा वर्षाव केला आहे : मोत्यांत गुंफलेले इंद्रनील, पांढऱ्या कमळांत निळी कमळे, राजहंसांच्या पंक्तीत काळे हंस, छायेने चितारलेले चांदणे, शरदाच्या शुभ्र मेघांच्या फटींतून दिसणारे आकाश, भस्म आणि सर्प यांनी भूषित शंकराचे शरीर. यावर अतिरेकाचा आरोप होतो. परंतु बारकाईने पाहिल्यास या सर्व उपमा एकाच गोष्टीभोवती फिरतात. दोन पाणी मिसळत असूनही अजून पुरते मिसळलेले नाही, ही ती गोष्ट. दोन रंगांची ही फारकत वरून दिसते, तीरावरून तितकी दिसत नाही. आणि ती दिसण्यासाठी सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी असावा लागतो. सूर्य समोर असेल तर दोन्ही नद्या सारख्याच चकाकतात आणि रंग हरपतो. म्हणून सकाळी गोव्याहून मुंबईस जाणाऱ्याने डावी, म्हणजे समुद्राकडची बाजू घ्यावी. पूर्वेचा सूर्य पाठीशी राहतो, आणि खाडीच्या मुखाशी गढूळ पाणी निळ्या पाण्यात कसे उतरते ते दिसते. ढगांचा थर खाली असेल तर विमानाची छाया आणि तिच्याभोवतीचे इंद्रधनुष्यी मंडल हेही याच बाजूस दिसावयाचे, कारण ते नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेस उमटते. पर्वतरांगांचे उठाव मात्र सूर्य तिरपा असताना, छाया लांब पडल्यावरच कळतात. पावसाळा संपल्यानंतरचे पहिले काही आठवडे हवा धुतलेली असते. माघफाल्गुनापासून धुरके चढू लागते, आणि मग उत्तम खिडकीही कामास येत नाही.

येथवर जे सांगितले ते कालिदासाच्या निरीक्षणाविषयी. परंतु हा सर्ग एवढ्यावर थांबता तर मी त्याला कुशल वर्णन म्हटले असते, थोर काव्य म्हटले नसते. किनारा ओलांडून जनस्थानावर येताच वर्णनाचा स्वभाव बदलतो. आतापर्यंत राम जे दाखवीत होता ते कोणालाही दिसले असते. आता तो दाखवितो ते त्याच्यावाचून कोणालाही दिसणार नाही. तुला शोधताना एक नूपुर जमिनीवर पडलेले सापडले ती ही जागा. ज्या वेलींना बोलता येत नव्हते त्यांनी फांद्या वाकवून तुझी वाट दाखविली, त्या ह्या. दर्भांकुर खाणे सोडून दक्षिणेकडे डोळे लावून हरिणींनी मला दिशा सांगितली, ती येथे. माल्यवानावर नव्या मेघाचे पाणी आणि माझे अश्रू एकदमच पडले. मग गोदावरी येते. विमानाच्या सोन्याच्या घंटांचा नाद ऐकून सारसांच्या रांगा सीतेला सामोऱ्या आल्यासारख्या वर उडतात. पंचवटी येते; तेथे तिने घड्यांनी पाणी घालून वाढविलेले आंबे आहेत आणि माना वर केलेले काळवीट आहेत.

या श्लोकांत सौंदर्य आहे, पण ते स्थळाचे सौंदर्य नाही. नूपुर सापडलेली जागा वरून इतर जागांसारखीच असणार. तिला वेगळेपण येते ते रामाच्या पायांमुळे; तो ही भूमी आधी चाललेला आहे. विमानातून तो जो प्रदेश काही घटकांत ओलांडतो तो त्याने वर्षानुवर्षे, रडत आणि विचारत, पायांनी ओलांडला होता. म्हणून खालचे काही त्याला लहान दिसत नाही. आमच्या प्रवासवर्णनांत विमान वर चढले की घरे खेळण्यातली होतात, माणसे मुंग्या होतात आणि ढग पिंजलेल्या कापसाचे होतात. ही वर्णने खोटी नाहीत. परंतु ती कोणत्याही देशावर, कोणत्याही दिवशी लिहिता येतील, आणि लेखकाने खिडकीकडे पाठ करून लिहिली असती तरी बिघडले नसते. रामाच्या सबंध बोलण्यात एकही वस्तू खेळण्यातली झालेली नाही.

याच कवीने दुसऱ्या प्रकारची दृष्टीही दाखविली आहे, म्हणून तुलना करणे सोपे जाते. ‘शाकुंतला’च्या सातव्या अंकात दुष्यंत इंद्राच्या रथातून पृथ्वीकडे उतरतो. तेथला एक श्लोक विमान उतरताना खिडकीशी बसलेल्या कोणासही चकित करील : पर्वतांची शिखरे वर येत आहेत आणि पृथ्वी त्यांच्यावरून खाली सरकते आहे, पानांत बुडालेल्या झाडांना खोडे फुटत आहेत, बारीकपणामुळे नाहीशा झालेल्या नद्या पुन्हा दिसू लागल्या आहेत, कोणीतरी सारे जग उचलून माझ्याकडे फेकते आहे असे वाटते. केवळ दृष्टीची कसोटी लावल्यास हा श्लोक तेराव्या सर्गातील कोणत्याही श्लोकाहून सरस ठरेल. परंतु दुष्यंताला या भूमीची ओळख नाही. हा कोणता पर्वत, असे तो मातलीला विचारतो. त्याच पर्वतावर आपला मुलगा वाढतो आहे याचाही त्याला पत्ता नाही. त्याची दृष्टी कुतूहलाची, रामाची ओळखीची. नव्या देशात जाणाऱ्या प्रवाशाने दुष्यंताची खिडकी घ्यावी; ती उतरण्याच्या वेळची, पंखाच्या पुढची. आपल्याच मुलखावरून जाणाऱ्याने रामाची घ्यावी.

आता चौथा प्रश्न, आणि तेथे या सर्गाविषयी माझी तक्रार आहे. सर्गात खिडकीशी राम बसलेला नाही. सीता बसली आहे. कुतूहलाने तिने वातायनातून हात बाहेर सोडला, मेघाला स्पर्श केला, आणि मेघाने विजेचे वलय चमकवून जणू तिच्या हातात दुसरे कंकण घातले, असा श्लोकच आहे. म्हणजे ज्याला सर्व ठाऊक आहे त्याने खिडकी सोडली आहे आणि तो शेजारी बसून सांगतो आहे. ही व्यवस्था मला फार आवडते. परंतु साठाहून अधिक श्लोक राम बोलत राहतो आणि सीता एक शब्दही बोलत नाही. वाल्मीकींची सीता याच प्रवासात बोलते. किष्किंधा दिसताच तारा आणि इतर वानरस्त्रियांना बरोबर घेऊन जाण्याची इच्छा ती व्यक्त करते, आणि तिच्या शब्दाखातर विमान थांबते. कालिदासाने तिला हात दिला, वाणी दिली नाही. जनस्थानावरून जाताना रामाला आपले अश्रू आठवतात. ज्या वाटेने तिला नेले त्या वाटेवर तिला काय आठवले असेल? एकाच खिडकीतून दोघांना दोन प्रदेश दिसत असले पाहिजेत; आपल्याला एकच ऐकू येतो.

बराच काळ मी याला कालिदासाची उणीव समजत होतो. पुढला सर्ग लागोपाठ वाचल्यावर तितकेसे निश्चयाने म्हणवत नाही. विमानातून उतरल्यावर सीता पहिल्यांदा बोलते ती सासवांसमोर, स्वतःला पतीस क्लेश देणारी अलक्षणी म्हणवून. मग ती गर्भवती होते, आणि काय हवे असे राम विचारतो तेव्हा भागीरथीच्या तीरावरच्या तपोवनांत पुन्हा एकदा जावे, असे तिच्या मनात येते. वरून आश्रमामागून आश्रम पाहिले होते. आता तेथे उतरावयाचे आहे. लोकापवाद कानी येताच राम याच इच्छेचे निमित्त करून तिला रथातून पाठवितो, आणि गंगेच्या पलीकडे लक्ष्मण तिला राजाज्ञा सांगतो. तेथे, जमिनीवर, सीता बोलते. पतीला ‘राजा’ म्हणून निरोप पाठविते, आणि त्या निरोपापुढे तेराव्या सर्गातले रामाचे सारे वक्तृत्व फिके पडते. खिडकीशी गप्प बसलेली ती काय पाहात होती याचे उत्तर कवीने एक सर्ग राखून ठेवले होते. पाहणाऱ्याला खाली उतरावेसे वाटले, हाच तिच्या पाहण्याचा पुरावा. ही मांडणी कवीने जाणून केली की नाही हा वाद मी घालीत नाही. दोन सर्ग एकापुढे एक ठेवले आहेत, एवढे पुरे.

या विचाराला मी पोहोचलो तो निव्वळ पुस्तकातून नव्हे. काही वर्षांपूर्वी माझ्या वृद्ध आत्यांना डोळ्यांच्या उपचारासाठी मुंबईस न्यावे लागले. त्यांचा तो पहिलाच विमानप्रवास. जाताना मी शिरस्त्याप्रमाणे डावी बाजू घेतली, आणि अनुभवी म्हणून खिडकीही मीच घेतली. मालवणचा किनारा आला तेव्हा सिंधुदुर्ग दाखविण्यासाठी त्यांना पुढे वाकावयास सांगितले. त्या वाकल्या, ‘बरे आहे’ म्हणाल्या आणि पुन्हा टेकून बसल्या. परतताना हव्या त्या बाजूच्या जागा मिळाल्या नाहीत. समुद्र उजवीकडे आणि आम्ही डावीकडे. काही दिसावयाचे नाही अशा समजुतीने मी खिडकी त्यांना दिली. उपचारानंतर त्यांचा एक डोळा चांगला निवळला होता. विमान उतरू लागले, पंख कलला आणि मांडवीची पात्रे खाली पसरली. आत्या काचेला नाक लावून बसल्या होत्या. एकाएकी माझे मनगट धरून म्हणाल्या, “तो पळय, आमचो बांद!”

मला चंदेरी पाण्यातली एक काळी रेघ दिसली. तिच्यासारख्या आणखी दहा होत्या. दिवाडी बेटावर त्यांचे माहेर. खाजनाच्या शेतात खाऱ्या पाण्याला अडविणारा बांध, भरतीओहोटीबरोबर उघडमीट करणारा मानस, यांवर त्यांचे बालपण गेलेले. नदीच्या वळणावरून त्यांनी तो ओळखला. क्षणभराने त्यांचा स्वर उतरला. या दिवसांत तेथे हिरवे असावयास हवे होते. तेथे पाणी होते. बांध कोठे तरी फुटला असला पाहिजे, असे त्या म्हणाल्या. मी त्या भागातून शेकडो वेळा रस्त्याने गेलो होतो आणि कित्येक वेळा हवेतून. पाणी मलाही दिसले होते. त्याला मी आजवर सुंदर म्हणत आलो होतो.

त्या घटनेनंतर वरून दिसणाऱ्या ‘सुंदर’ गोष्टींविषयी मी सावध झालो आहे. डिचोली आणि सांगे या भागांत हिरव्या डोंगरांच्या मध्ये तांबड्या पायऱ्यांची पात्रे आणि त्यांच्या तळाशी पाचूच्या रंगाची तळी वरून दिसतात. रंगांची अशी योजना चित्रकारालाही सुचणार नाही. त्या लोहखनिजाच्या खाणी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली येथले खाणकाम थांबविले आणि २०१८ साली नूतनीकरण झालेले ८८ खाणपट्टे रद्द केले, त्याच्या मागे जे होते ते या पायऱ्यांत आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला झाडीआडून यातले फारसे दिसत नाही. खिडकीतून एका दृष्टिक्षेपात दिसते. उंचीमुळे माणूस जमिनीपासून तुटतो, असे आपण सहज म्हणतो. ते पुरते खरे नाही. उंची काही गोष्टी लपविते आणि काही उघड्या करते. पण उघडे झालेले ओळखण्यासाठी खालची माहिती लागते. ती नसेल तर फुटलेला बांध म्हणजे तळे, आणि खाण म्हणजे रंगपट.

तेव्हा कोणती खिडकी घ्यावी? गोव्याकडे येताना समुद्र हवा तर उजवी, सह्याद्री आणि नद्यांची वरची पात्रे हवी तर डावी, पंख टाळावा, सकाळी पश्चिमेची आणि तिसऱ्या प्रहरी पूर्वेची बाजू पाहावी, पाऊस सरल्यावर निघावे. हे सर्व मी आजही पाळतो, आणि वाचकांनीही पाळावे. परंतु बरोबर कोणी असेल, आणि त्याचे बालपण खालच्या मुलखात गेले असेल, तर बाजूचा आग्रह सोडून खिडकी त्याला द्यावी. आणि आपण रामासारखे अखंड बोलू नये, थोडे ऐकावे.

आत्यांनी घरी पोहोचताच दिवाडीस जाण्याचा हट्ट धरला. डोळ्याला धूळ लागेल म्हणून आम्ही आठ दिवस थोपविले. नवव्या दिवशी फेरीबोटीने पलीकडे गेलो. बांध खरोखरच फुटला होता. भगदाडाच्या दोन्ही अंगांस कांदळाची रोपे गुडघाभर वाढली होती. त्या किती तरी वेळ काठावर उभ्या होत्या. मग मला म्हणाल्या की वरून पाहिले तेव्हा ते इतके मोठे वाटले नव्हते.